नोको म्हणणाऱ्या पोराची आई

२०२१ साल होतं आणि मी एकाहत्तर वर्षांचा होतो. रेल्वेत फिटर होतो, ते सुटून बरीच वर्षं झाली होती. जयपूरला सांगानेरमध्ये मी माझ्या देखरेखीखाली दुमजली घर बांधलं. बायको गेल्यावर खाली मी एकटा राहायचो आणि वरचा मजला भाड्याने द्यायचो. इथले लोक भाडेकरूला जात विचारतात, मी जिल्हा विचारतो. प्रदीप जागा बघायला आला तेव्हा म्हणाला, अकोला. इंजिनावर साहाय्यक होता, भुसावळहून बदली होऊन आला होता. मी विचारलं, बायकोचं माहेर कुठलं? म्हणाला, मूर्तिजापूर. माझंही गाव मूर्तिजापूर. मी किल्ली काढून दिली.

त्याची बायको वंदना सामानाच्या टेम्पोतून उतरली. नमस्कार नाही, हसणं नाही. चार वर्षांच्या पोराचं मनगट घट्ट धरलेलं, आणि मला पहिलंच विचारलं, "मामा, गच्चीच्या दाराले कुलूप लागते का? पान्याची टाकी झाकेल हाये का? अन् ह्या गेटची कडी पोराच्या हाताले पुरते का?"

मला राग आला. मी म्हणालो, "घर भाड्याने घ्यायला आलीस की माझी तपासणी करायला?"

"तुमची नाही. हा पळते. एक डाव भुसावळले रुळावर सापडला मले."

मी विचारलं, मामा कुठून झालो? तर म्हणे, "मूर्तिजापूरचे ना तुम्ही? मंग मामाच." विषय संपला. तिचे विषय असेच संपायचे.

पोराचं नाव सुमेध. दिसायला गोरागोमटा, डोळे मोठे, पण ते डोळे तुमच्याकडे बघायचे नाहीत, तुमच्या कानाच्या बाजूने मागे कुठेतरी बघायचे. बोलत नव्हता. दिवसभर माझ्या गेटची कडी वर-खाली करायचा. खट, खट, खट. मी ओरडलो की मान वळवायचा नाही. मी तिला म्हणालो, बहिरा आहे काय हा?

"त्याले सगळं ऐकू येते मामा. तुमचं वरडनं ऐकू येते, अन् कुकरची शिट्टी व्हायच्या आधी ती बी ऐकू येते. कान झाकून घेते पाहा." आणि मग सांगितलं की डॉक्टरांनी ऑटिझम म्हणून सांगितलंय. मी चौथी शिकलेला, तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मी विचारलं, औषध काय त्याला?

"औषध नाही. आपनच औषध."

या बाईला दोन सवयी होत्या, त्या आधी सांगतो. एक, ती नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट साडीवर घालायची, मे महिन्यातसुद्धा. गल्लीत तिला शर्टवाली भाभी म्हणायचे आणि हसायचे. पोरगं घाबरलं की चावायचं, आणि ती हात मागे घेत नसे, म्हणून शर्ट. शेजारच्या बाईने एकदा दंडावरचा वण बघून विचारलं, कुत्ता काटा क्या? ही म्हणाली, "नहीं जी, घर का आदमी है."

दुसरी सवय म्हणजे बोलणं. दिवसभर वरून तिचा आवाज यायचा. "आता पानी टाकू. गरम नाही, कोमट हाये. आता डोकं. आता पाठ. झालं माह्या राजा. आता टॉवेल. आता चड्डी, हा पाय, हा दुसरा पाय." समोरून एक अक्षर येत नव्हतं, पण ही थांबायची नाही. मी खाली पेपर वाचायचो आणि मला कळायचं की वर भाजीत मीठ पडलं. त्रास व्हायचा, पण मी कधी बोललो नाही, कारण ते माझ्या आईचं मराठी होतं आणि जयपुरात मला ते दुसरीकडे कुठे मिळत नव्हतं.

आमच्या घरामागे थोडं चाललं की छापाईवाल्यांचं रान लागतं. ठप्पे मारलेली कापडं तिथे लांबच लांब वाळत घातलेली असतात. सुमेधला ते लागायचं. वाऱ्याने कापड हललं की हा दगडासारखा उभा, ना पळणं, ना ओरडणं. वंदना त्याला रोज घेऊन जायची. एक दिवस कारखान्याचा मालक धावून आला, बच्चे को हटाओ, माल खराब करेगा. मी सोबत होतो. मी काही बोलायच्या आत हिने पदर खोचला. हिंदी तिची भयंकर, पण रागात धावायची. "भैया, ये हात नहीं लगाता. ये खाली देखता है. तुम्हारा कपडा देखने से घिसता है क्या?" ठप्पे मारणारी माणसं हसली, मालकसुद्धा हसला. पुढे त्यांनीच तिथे एक स्टूल ठेवून दिलं, तिच्यासाठी.

चांगलं सांगायचं ते एवढंच. आता पुढचं.

आपली माणसं सांगतो. जयंतीला विहारात मराठी घरं सगळी जमतात. मी तिला आग्रहाने नेलं. लाऊडस्पीकर सुरू झाला आणि पोरगं कान दाबून खाली पडलं, असं किंचाळलं की भाषण थांबलं. वंदनाने त्याला मांडीत दाबून धरलं. समितीतल्या एक बाई, रेल्वेतल्या बड्या बाबूच्या घरातल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आईनं हातात मोबाईल दिला की असंच होणार. वळण लावायला पाहिजे."

वंदनाने पोराच्या डोक्यावरून मान वर केली. "मावशी, तुमच्यावाल्याले वळण लावलं, बोलता बी येते. त्यानं बोलून काय दिवे लावले ते सांगा."

त्या बाईचा मुलगा दारूपायी नोकरीवरून निलंबित होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी हसलं नाही. जेवणाच्या पंगतीत आमच्या दोन्ही बाजूच्या जागा रिकाम्या राहिल्या. पुढच्या वर्षी तिला बोलावणं आलं नाही. मीही गेलो नाही, आणि का गेलो नाही ते अध्यक्षाला तोंडावर सांगितलं.

मग जयपुरातल्याच मानसरोवर भागातलं, असल्या पोरांना शिकवणारं सेंटर. मोठी काच, मोठा बोर्ड, आत खेळणी. तिथल्या मॅडमने पोराला तपासलं, आईबापाला बसवलं आणि सांगितलं की बच्चा कन्फ्यूज होत आहे. घरात मराठी, बाहेर हिंदी, शाळेत इंग्रजी. आजपासून घरात एकच भाषा, हिंदी. मराठी पूर्ण बंद.

प्रदीपने ऐकलं. तो शिकलेला, आयटीआय झालेला, त्याचा बोर्डावर विश्वास. त्याच संध्याकाळपासून घरात हिंदी. तो बायकोशीही हिंदी बोलायला लागला.

आणि वरचा आवाज बंद झाला.

म्हणजे ती बोलायची, पण काय? "बेटा, नहाना है. बेटा, खाना खाओ." शाळेतल्या पुस्तकातलं वाक्य वाचावं तसं. कोमट हाये, माह्या राजा, हे सगळं हिंदीत तिला येत नव्हतं. कोमटला हिंदीत काय म्हणतात, तिने मला विचारलं. इतकी वर्षं इथे काढली, मलाही नीट सांगता आलं नाही. मग ती न बोलता पाणी टाकायची, आणि पाणी अचानक अंगावर पडलं की पोरगं किंचाळायचं. घरात बोलत नव्हतं ते एक होतं, आता दोन झाले. दुपारी पोरगं झोपलं की ती खाली यायची, माझ्या पायरीवर बसायची आणि मूर्तिजापूरच्या बाजारापासून चुलतभावाच्या लग्नापर्यंत सगळं भडाभडा बोलून घ्यायची. वर हालचाल झाली की तोंड पुसल्यासारखी गप्प, आणि जिना चढायला लागायची.

मी प्रदीपला म्हणालो, "बाईचं तोंड बांधून पोराचं उघडते का रे?" तो म्हणाला, "मामाजी, डॉक्टर ने बोला है." मी म्हणालो, मी मराठीत विचारलं. तो म्हणाला, आदत डालनी पडेगी.

सुमेध सहाचा झाला तेव्हा मानसरोवरच्याच एका शाळेने त्याला घेतलं, बघू जमतं का म्हणून. ही तिसरी शाळा. आधीच्या दोन्ही शाळांनी काढून टाकलं होतं. प्रदीपने माझ्या समोर, जिन्यात उभं राहून सांगितलं, "इथंही नाही जमलं तर याले हॉस्टेलात टाकाचं. उदयपूरकडं एक हाये, मी बोलून ठेवलं. तिथं महिन्यातून एकदा भेटू देतात." एवढं मात्र मराठीत बोलला. वंदना कोथिंबीर निवडत होती. तिने वर पाहिलं नाही. देठ सुटे करायचं सोडून पानंच चुरगाळत राहिली.

तेव्हापासून तिचं सगळं ध्यान त्या शाळेवर. डबा, कपडे, पोराची नखं, मॅडमपुढे हात जोडणं. मॅडम काही म्हणाल्या की, जी मॅडम. या बाईला मी कुणापुढे असं वाकलेलं बघितलं नव्हतं. मला ते बघवत नसे.

आणि शाळा सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांनी ती जिन्यावरून धावत खाली आली. कडेवर पोरगं, त्याच्या डोक्यावर साबणाचा फेस, दोघं ओलेचिंब. "मामा! बोलला! मी पानी टाकू लागली तं म्हने नोको! मराठीत!"

पोराने माझ्या अंगणात ठिबकत उभं राहून परत म्हणून दाखवलं. तिने तांब्या उचलला, तो म्हणाला, "नाको." आमच्या वऱ्हाडात नको म्हणत नाहीत, नोको म्हणतात. त्याच्या तोंडात ते नाको झालं. तिने तांब्या खाली ठेवला. त्याने तांब्याकडे बघितलं, मग तिच्या हाताकडे. आपण म्हटलं आणि जग थांबलं, हे त्याला पहिल्यांदा कळलं असावं. तिने परत उचलला, "नाको", परत ठेवला. दोघांचा खेळच झाला. साबण डोळ्यात जाईल म्हणून मीच ओरडलो.

मी म्हणालो, शाळेत सांग. प्रदीपला सांग.

तिचा चेहरा बदलला. "नोका सांगू मामा, कोनालेच नोका सांगू. मॅडम म्हनतील, घरी मराठी बोलता. मंग त्याचं नाव काढतील. यानं तं हिंदीच ऐकलं दोन वर्सं, हे पोटात कुठं राहिलं होतं काय माहीत." आणि पोराला टॉवेलात गुंडाळून वर गेली. शब्द तिने दागिन्यासारखा लपवला. मला तिचं पटलं. आजही पटतं. तिची भीती खोटी नव्हती.

थंडीचे दिवस होते. पोरगं शाळेतून यायचं तर नाक लालभडक, शेंड्यावर कातडी सोललेली. ती म्हणायची, इथली थंडी कोरडी, आपल्याकडे अशी नसते. रोज खोबरेल लावायची. तो लावू द्यायचा नाही, तोंड फिरवायचा. शाळेत जायच्या वेळी जिन्याचा कठडा धरून बसायला लागला. मग एक दिवस शाळेने बोलावलं. प्रदीप गाडीवर होता, म्हणून ती मला घेऊन गेली. ऑटोत तिने मला बजावलं, "मामा, तिथं तुम्ही काहीच बोलू नोका." मी शब्द दिला.

मोठ्या मॅडमच्या खोलीत वर्गाची टीचर उभी होती. वयाने लहान, मनगटाला पट्टी. सुमेध चावला होता, चांगला कडकडून. ती पोरगी रडकुंडीला आली होती. वाईट नव्हती ती. म्हणाली, "मैं तो इसका इतना ध्यान रखती हूँ आंटी. दिन भर बोलता है नाक को, नाक को. मैं टिश्यू लेकर नाक पोंछती हूँ. तो और जोर से बोलता है, नाक को, नाक को. मैं फिर पोंछती हूँ. आज पोंछा तो काट लिया."

मी वंदनाकडे बघितलं. ती खुर्चीत हलली नाही. तोंड थोडं उघडं राहिलं होतं. मग हळू म्हणाली, "नाक नहीं मॅडम. नोको. हमारे में नोको मतलब... मत करो."

टीचरने पट्टीवर हात ठेवला. मग मोठ्या मॅडम म्हणाल्या, "तो आपने पहले बताया क्यों नहीं? और आपको तो बोला था ना, घर में सिर्फ हिंदी?"

"हिंदी ही बोलते हैं मॅडम. दो साल से. ये उसने अपने मन से बोला."

मॅडम म्हणाल्या की आता दुसऱ्या पालकांच्या तक्रारी आहेत, स्टाफला इजा झाली आहे, त्या मजबूर आहेत. वंदनाने हात जोडले. एक महिना, मॅडम. पंधरा दिन. आता आपको मालूम हो गया ना, नोको बोला तो छोड देने का, बस. मॅडम मान हलवत राहिल्या.

मी शब्द मोडला. उभा राहिलो आणि म्हणालो, "पूरी दुनिया में ये बच्चा एक बात बोलता है. एक. वो भी आप लोगों को सुननी नहीं आई?"

मॅडमने बेल दाबली आणि शिपायाला सांगितलं, अंकल को पानी पिलाओ.

परतताना ऑटोत ती हसायला लागली. "पोरगं नोको म्हने, अन् ते टीचर पुसे. तो जितकं नोको म्हने तितकं ते पुसे. मामा, मी नाकाले खोबरेल लावून राहिली होती!" इतकी हसली की ऑटोवाला आरशात बघायला लागला. मग एकदम थांबली, पोराच्या तोंडाकडे हात नेला, आणि हात न लावताच मागे घेतला.

सिव्हिल लाइन्सकडे राहणारे एक मराठी डॉक्टर होते, माझ्या ओळखीचे. मी तिला तिकडे नेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पोरापाशी अर्धा तास जमिनीवर बसले. मग म्हणाले, "घरची भाषा सोडायची काही गरज नव्हती. आईला ज्या भाषेत मोकळं बोलता येतं, त्याच भाषेत बोलायचं मुलाशी. दोन भाषांनी असं काही बिघडत नाही."

ती म्हणाली, "हे आधी सांगाचं होतं ना साहेब."

"तुम्ही आधी आला नाहीत."

"हाव," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार.

प्रदीप गाडीवरून आला आणि वर भांडण झालं. मी कान लावून बसलो नव्हतो, जिनाच माझ्या दारात उतरतो. ती डॉक्टरांचं सांगत होती. तो म्हणत होता, डॉक्टर सौ बातें बोलते हैं, एकाचं ऐकायचं की दहांचं? मग मराठीत ओरडला, "माह्या मागं डब्यात मानसं असतात वंदे! मले झोप पाहिजे! एक दिवस डोळा लागला तं किती लोक मरतील मालूम हाये का तुले?" आवाज फाटला त्याचा. खोटं बोलत नव्हता. खरं होतं, आणि ते ऐकूनही मी त्याला माफ केलेलं नाही. शेवटी म्हणाला, सोमवारी उदयपूर. तिकडून येताना दोघंच येऊ.

दोन दिवसांनी तो ड्यूटीवर गेला तशी ती माझ्या दारात आली. हातात एक बॅग.

"मामा, मी जाऊन राहिली. मूर्तिजापूरले, भावाकडं."

मी म्हणालो, "अकलेने वाग. तिथे काय आहे? सेंटर नाही, असल्या पोरांची शाळा नाही, असा एक डॉक्टर नाही. भावजय किती दिवस ठेवील?"

"ते मले मालूम हाये."

"मग?"

"तिथं तो नोको म्हनला तं लोकायले समजन."

"समजलं तरी थांबतील असं नाही. गावचे लोक मला माहीत आहेत."

"नाही थांबले तं भांडीन ना मी. मले मराठीत भांडता येते मामा. इथं मी दोन वर्सं जी मॅडम, जी मॅडम करत राहिली." मग म्हणाली, "त्यायले सांगजा, उदयपूरले जाऊ नोका. भेटाले या म्हना. पन न्याले येऊ नोका."

मी थांबवलं नाही. थांबवायला माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि नसताना बोलणारा मी नाही. ऑटो आणून दिली. पोरगं आधी बसेना, मग बसलं तर मीटरकडे बघत बसलं. माझ्याकडे त्याने बघितलं नाही. तिनेही वळून बघितलं नाही, कारण ऑटोवाल्याने निघताना हॉर्न दिला होता, पोराने कान दाबले होते, आणि ती त्याला त्याच्या सीटमागून झापत होती. गल्लीचं वळण गेलं तरी तिचा आवाज येत होता. "भैया, रस्ता खाली है, किसको बजाता है? भूत को?"

तिच्या भावाचा फोन एकदाच आला, पोचल्याचा. पुढे मी केला नाही, त्यांनी केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रदीप ड्यूटीवरून आला, वर गेला, आणि तसाच बूट घातलेला खाली आला. मी अंगणात दात घासत होतो. चूळ भरून त्याला तिचा निरोप शब्दाला शब्द सांगितला, आणि मग माझ्याकडून सांगितलं की वरची जागा रिकामी कर.

तो म्हणाला, "क्यों मामाजी? मेरी क्या गलती है?"

मी म्हणालो, "मराठीत विचार."